चार तासांचं पान

पान एकशे बारावर सही करायला रोझली नासिफने दोनदा नकार दिला. पहिल्यांदा मार्चमध्ये, पेन्सिलीने. दुसऱ्यांदा सप्टेंबरच्या एका बुधवारी, संचालक डॉ. फिलिस ब्रँडव्होल्ड यांच्या खोलीत, तोंडावर.

केटल फेरी गावातल्या सरकारी प्रयोगशाळेत वहीचे नियम साधे आहेत. पानांवर क्रमांक छापलेले असतात, म्हणजे पान फाडता येत नाही. लिहायचं ते शाईने. चुकलं तर एकच रेघ ओढायची, तीही खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी सही-तारीख. पानाच्या तळाशी दोन ओळी असतात. एक प्रयोग करणाऱ्याची, दुसरी साक्षीदाराची. साक्षीदाराच्या ओळीवर छापलेलं असतं, ‘वाचलं आणि समजलं’. बहुतेकजण तिथे सही करतात ती लग्नाच्या साक्षीदारांसारखी, एक डोळा जेवणाच्या टेबलाकडे ठेवून. रोझली वाचायची. अडतीस वर्षं ती या इमारतीत औषधी जंतू वाढवत होती, ओट आणि काकवीच्या पाण्यात, पिंपाएवढ्या भांड्यांमध्ये. रसायनशास्त्राची पदवी तिच्याकडे नव्हती. पण जे समजलं नाही त्याखाली ‘समजलं’ म्हणून नाव घालणं तिला जमत नसे, आणि हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे घाईत असलेले लोक सहीसाठी दुसरीकडे जात.

वॉरन टेस्के मात्र तिच्याकडेच यायचा. तो रसायनशास्त्रज्ञ. एकोणीस वर्षं दोघांनी मिळून एकाच औषधाचा पिच्छा पुरवला होता.

कोर्व्हिमायसिन हे प्रतिजैविक नवं नव्हतं. पन्नास वर्षांपूर्वी गावाबाहेरच्या डुकरांच्या आवारातल्या मातीत ते तयार करणारा जंतू सापडला. काचेच्या बशीत ते कुठल्याही रोगजंतूला उभं राहू देत नसे. अडचण एवढीच, की उंदरालाही देत नसे. म्हणून ते कपाटात गेलं. टेस्केने ते बाहेर काढलं. त्याचं म्हणणं असं, की या रेणूला लांब शेपूट आहे, शेपटीत एक बाक आहे आणि विष त्या बाकात आहे. बाटली हलवणाऱ्या यंत्रात दाबाखाली हायड्रोजन लावून बाक सरळ केला तर माणसाच्या पेशी वाचतील. त्या वाचल्या, पण रोगजंतूंवरचा जोरही गेला. खोकला गेला, पण सुंठही गेली, असं रोझली म्हणायची.

मग मार्चमध्ये एकतिसावी खेप निघाली. तिच्यातून दोन पदार्थ वेगळे झाले. पहिला बिनविषारी होता, आणि पेनिसिलिनसोबत दिला की पेनिसिलिनला अनेक वर्षं दाद न देणारे जंतूही बशीत मरत होते. दुसऱ्यात विष शिल्लक होतं. पण शिकागोच्या एका विद्यापीठात तपासल्यावर दिसलं, की निरोगी पेशींना इजा व्हायला जेवढा लागतो त्याच्या दहाव्या हिश्शात तो स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या पेशी मारतो. सगळं मिळून दोन चमचे पूड होती. मे संपायच्या आत ती तपासण्यांमध्ये संपली.

त्यानंतर तसं औषध पुन्हा कोणालाच करता आलं नाही. टेस्केने नऊदा केलं, विद्यापीठाने सहादा. वहीत लिहिलं होतं तसंच, ‘हायड्रोजन, चार तास’. दर वेळी शेपूट सरळ व्हायची आणि बाकी काही नाही. विद्यापीठातून शेवटचं पत्र आलं ते सभ्य होतं, म्हणजे जास्तच वाईट. पैसे देणाऱ्या समितीची बैठक पुढच्या गुरुवारी होती. औषध पुन्हा करून दाखवता येत नसेल तर काम बंद होणार होतं, आणि टेस्केची खोली मक्याच्या चोथ्यापासून डिंक करणाऱ्यांना मिळणार होती. त्याआधी निदान पेटंटचा अर्ज तरी जावा, अशी संचालकांची धडपड होती. वकिलाने वह्या मागवल्या, आणि एकतिसाव्या खेपेच्या पानावर साक्षीदाराची सही नसल्याचं उघड झालं. सहीच्या जागी पेन्सिलीत एक प्रश्न होता: ‘बंद कधी केलं?’

बुधवारी ब्रँडव्होल्डबाईंनी आपलं पेन पुढे केलं आणि तारीख मार्चची घालायला सांगितली. रोझली म्हणाली की आज सतरा सप्टेंबर आहे, आणि पेन घेतलं नाही.

“तुम्हाला न्यायाधीश व्हायला कोणी सांगितलं नाही, मिसेस नासिफ. फक्त साक्षीदार व्हा.”

“तेच होतेय मॅडम. वाचलंय. समजलं नाही.”

“एवढं काय समजायचं राहिलं?”

“चार तास.”

टेस्के खुर्चीच्या कडेवर बसून स्वतःच्या बुटांकडे पाहत होता. पंचावन्न वर्षांचा, सव्वासहा फूट उंचीचा माणूस, पण शाळेत पालकांना बोलावून घेतल्यावर मूल बसतं तसा बसला होता.

संचालकांनी आवाज चढवला नाही. नोव्हेंबरमध्ये तुमची निवृत्ती आहे, एवढं त्या म्हणाल्या. सांगितलेलं काम करायला नकार दिल्याची नोंद अशा वेळी फाइलीत जाणं बरं दिसत नाही. रोझलीने विचारलं, कुणाला बरं दिसत नाही? उद्या सकाळी नऊपर्यंत विचार करा, असं सांगून त्यांनी दोघांना बाहेर पाठवलं.

खाली प्रयोगशाळेत आल्यावर टेस्केने दार लावून घेतलं आणि तिच्यावर उखडला. एका पेन्सिलीच्या रेघोटीपायी एकोणीस वर्षं पाण्यात घालायची का, असं त्याचं म्हणणं. रोझलीने त्याला बोलू दिलं. मग स्टुलावर बसून शांतपणे विचारलं, की चौदा मार्चला तो इथून किती वाजता निघाला.

चार वाजता. चौदा मार्च शुक्रवार होता, ईस्टरच्या आधीच्या उपवासांतला. त्या शुक्रवारी मांस चालत नाही, म्हणून सेंट बोनिफेस चर्चच्या सभागृहात गावजेवण होतं तळलेल्या माशांचं. तिथल्या मोठ्या कढईवर गेली बावीस वर्षं टेस्के उभा राहत आला होता. रोझलीचं घराणं लेबनॉनकडच्या ख्रिश्चनांचं. त्यांच्यात उपवास म्हणजे तेल आणि मासेसुद्धा बंद. टेस्केच्या या उपवासाची ती दर वर्षी टिंगल करायची: तिप्पट जेवता यावं म्हणून तुमच्या देवाने उपवास काढलेत.

आज तिने टिंगल केली नाही. “आणि यंत्र?”

टेस्केने दुसरं स्टूल ओढलं आणि बसला. मग म्हणाला, की चारला दाबाचा काटा एकतीसवर थांबला होता. अर्धा तास हललाच नव्हता. काटा थांबला म्हणजे हायड्रोजन लागणं थांबलं, काम झालं. पण कढई तापवायची वेळ झाली होती, आणि बाटली सोडवून, गाळून, धुऊन ठेवायची तर आणखी तास गेला असता. आठला परत येऊन बंद करू म्हणून तो गेला. त्या दिवशी साडेचारशे माणसं जेवायला आली. तो परत आला सोमवारी सकाळी आठला.

पेट घेणाऱ्या हायड्रोजनचं यंत्र चालू ठेवून निघून जाणं हा या इमारतीतला सगळ्यात मोठा गुन्हा. टेस्केला त्याबद्दल दोन वर्षांपूर्वी एकदा ताकीद मिळाली होती. दुसऱ्यांदा सापडला तर प्रयोगशाळेची किल्ली जाणार होती. म्हणून त्याने चार तास लिहिले.

“आणि ते खोटं नाही, रोझ. सोमवारी आलो तेव्हाही काटा एकतीसवरच होता. चार तासांनंतर तिथे काही झालंच नाही. बाटली नुसती हलत राहिली.”

दर शनिवारी सकाळी रोझली आपल्या भांड्यांना काकवी द्यायला यायची. त्या शनिवारीही आली होती. काचेमागे बाटली हलताना पाहून सोमवारी तिने पानावर तो प्रश्न लिहिला होता. पण आणखी एक गोष्ट तिने केली होती, आणि ती इतकी रोजची होती की सहा महिन्यांत तिचा विचारसुद्धा तिच्या मनात आला नव्हता. यंत्राला टेस्केच्याच हातचं एक कार्ड टांगलेलं असायचं: ‘काटा वीसच्या खाली गेला तर चाळीसपर्यंत भर.’

“शनिवारी काटा अकरावर होता,” ती म्हणाली. “मी भरला.”

टेस्केने तिच्याकडे पाहिलं. मग तो उठला, फळ्याशी गेला आणि खडू न उचलताच उभा राहिला. एकतीसवरून अकरा. मग चाळीस. चाळीसवरून परत एकतीस. त्याने जो काटा थांबलेला समजला तो थांबला नव्हता. शेपूट सरळ झाल्यावर काही तास दम घेऊन हायड्रोजन रेणूच्या दुसऱ्या टोकाला लागला होता, डोक्याकडच्या अणूंच्या कड्याला, जे दगडासारखं पक्कं आहे असं सगळी पुस्तकं सांगतात. कुठे पुरता लागला, कुठे अर्धवट. म्हणून दोन पदार्थ. शुक्रवारी दुपारी बारा ते सोमवारी सकाळी आठ. अडुसष्ट तास.

“तू भरलास,” तो म्हणाला, “आणि लिहिलं नाहीस.”

“हायड्रोजन माझ्या रकान्यात नव्हता. तू सोडून गेलास आणि लिहिलं नाहीस. शिकागोच्या विद्यापीठात एक पोरगी सहा महिने पेशींना खाऊ घालत बसलीय, आपण दोघांनी न लिहिलेल्या गोष्टीवर.”

गुरुवारी सकाळी नऊला दोघांनी संचालकांना सगळं सांगितलं. डॉ. ब्रँडव्होल्ड स्वतः एके काळच्या रसायनशास्त्रज्ञ. त्यांना अर्ध्यातच कळलं, आणि क्षणभर त्यांचा चेहरा वीस वर्षांनी तरुण झाला. मग त्या पुन्हा संचालक झाल्या. त्यांनी जो मार्ग काढला तो वाईट नव्हता. पान एकशे बारा आहे तसंच राहू द्या. मिसेस नासिफ त्यावर सही करतील. अडुसष्ट तासांचा प्रयोग पुढच्या महिन्यात, रीतसर परवानगी काढून, नव्या पानावर, नवा शोध म्हणून. कोणाची किल्ली जाणार नाही, कोणाची फाइल खराब होणार नाही. पुढच्या गुरुवारी समितीला सांगू, की नवी दिशा सापडली आहे.

टेस्केने होकारार्थी मान डोलावली. त्याच्या खांद्यांवरचं ओझं उतरताना रोझलीला दिसलं, आणि त्याचा तिला राग आला नाही. त्याला दोन मुलींची कॉलेजं होती. मनाचा तोल राखून विचार केला तर मार्ग सोयीचाच होता.

तिने वही आपल्याकडे ओढली, पर्समधून आपलं पेन काढलं आणि पेन्सिलीच्या प्रश्नाखाली लिहायला लागली. अक्षर मोठं, शाळेतल्यासारखं. ‘हे पान मी वाचलं. पंधरा मार्चला, शनिवारी सकाळी सव्वाआठला, हे यंत्र चालू होतं. काटा अकरावर होता. हायड्रोजन मी भरला आणि तशी नोंद केली नाही. पानावर लिहिलेली वेळ बरोबर नाही.’ खाली पूर्ण नाव आणि अठरा सप्टेंबर.

ब्रँडव्होल्डबाई उभ्या राहिल्या होत्या. “हे पान वकिलाकडे जाऊ शकत नाही.”

“मग जाऊ नका देऊ. फाडता मात्र येणार नाही. क्रमांक आहेत.”

“याचा अर्थ काय होतो कळतंय तुम्हाला? तुमच्यासाठी? यांच्यासाठी?”

“कळतंय. पण ती पूड अडुसष्ट तासांची होती मॅडम. तिच्यावर चार तासांची चिठ्ठी लावली तर उद्या कोणीतरी ती वाचून चार तासच करेल. पन्नास वर्षं करेल. ताकाला जायचं तर भांडं लपवून नाही जमणार.”

दोघांनाही नोटीस मिळेल, असं संचालक म्हणाल्या. आणि अडुसष्ट तास लगेच करून पाहायचे म्हणाल, तर या शनिवार-रविवारी ते यंत्र चालणार नाही. रोझलीने भिंतीवरच्या नियमांच्या चौकटीकडे बोट दाखवलं. तिथे लिहिलं होतं, ‘कोणी हजर नसताना’ चालवू नये. आम्ही हजर असू, ती म्हणाली. चोवीस तास.

टेस्के जिन्यातून सरळ आपल्या खोलीत गेला. दुपारभर बाहेर आला नाही. शुक्रवारी सकाळी अकराला तो वही घेऊन तिच्या भांड्यांच्या खोलीत आला, काकवीच्या पिंपावर ती उघडी ठेवली आणि तिच्यासमोर ‘चार तास’वर एक रेघ ओढली. खालचं वाचता येत होतं. शेजारी त्याने ‘अडुसष्ट’ लिहिलं, सही केली, तारीख घातली.

“किल्ली गेली तर तुझ्या घरी राहायला येईन,” तो म्हणाला.

“ये. तळण चालत नाही आमच्याकडे.”

बारा वाजता त्यांनी बाटली भरली. कोर्व्हिमायसिन, मद्यार्क, हायड्रोजन लागायला मदत करणारी चिमूटभर काळी पूड, हायड्रोजन चाळीस. दिवस रोझलीचे, रात्री टेस्केच्या. दर तासाला काटा वाचायचा आणि लिहायचा. चार वाजता काटा एकतीसवर आला आणि थांबला. साडेचारलाही एकतीस. पाचला एकतीस. रोझलीने तिन्ही वेळा लिहिलं आणि सहाला खुर्ची टेस्केला दिली.

शनिवारी सकाळी आठला ती आली तेव्हा टेस्केचे डोळे लाल झाले होते. पहाटेच्या नोंदी त्याने बोटाने दाखवल्या: सव्वीस, बावीस, अठरा. शेवटची तेरा. तिने त्याला घरी पिटाळलं. तो गाडीपर्यंत पोचलाही नसेल, तोच दार उघडलं आणि डॉ. ब्रँडव्होल्ड आत आल्या. अंगात कोट, हातात नियमभंगाचा छापील अर्ज. खोली रिकामी असेल अशी त्यांची अपेक्षा होती. रोझलीने ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं आणि बसायला दुसरं स्टूल सरकवलं.

त्या बसल्या नाहीत. वही पाहिली. मग काचेमागचा काटा पाहिला. बारा. त्या म्हणाल्या, गळती असेल. अशा जुन्या यंत्रात हायड्रोजन कुठून तरी झिरपतो, आणि माणसांना चमत्कार दिसायला लागतात.

शंका रास्त होती. रोझलीने मोरीजवळची साबणाच्या पाण्याची बाटली आणि ब्रश आणून त्यांच्या हातात दिला.

ब्रँडव्होल्डबाईंनी कोट काढून दाराला अडकवला. बाह्या वर केल्या. वीस मिनिटं त्या एकेका जोडाला साबण लावत होत्या. नळीला, तोटीला, बाटलीच्या बुचाला, काट्याच्या मानेला. कुठे बुडबुडा येतो का, ते डोळे बारीक करून पाहत होत्या. एकदा त्यांनी न वळता टॉर्च मागितला. एकदा स्वतःशीच म्हणाल्या, की असं कड्यावर हायड्रोजन लागायला नको. बुडबुडा कुठेच आला नाही. त्या मागे सरकल्या तेव्हा त्यांच्या कोपरापर्यंत फेस होता आणि काटा अकरावर आला होता.

“हायड्रोजन जातोय कुठे मग?” त्यांनी विचारलं. प्रश्न संचालकांचा नव्हता.

“औषधात.” रोझलीने तोटी उघडून काटा चाळीसवर नेला आणि वेळ लिहिली, आठ पस्तीस. मग वही त्यांच्याकडे फिरवली. “तुम्ही पाहिलंत. मी प्रयोग करतेय, म्हणजे या पानाला साक्षीदार मी चालत नाही. सही तुमची.”

“मी तुम्हाला नोटीस द्यायला आलेय.”

“द्या ना. आधी हे.”

ब्रँडव्होल्डबाईंनी हात पुसले. अर्ज टेबलावर ठेवला, त्यावर पाण्याचे ठिपके पडले. वहीचं पान त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचलं, प्रत्येक नोंद, टेस्केच्या पहाटेच्या वाकड्यातिकड्या अक्षरासकट. मग स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘सर्व जोड मी तपासले. गळती नाही.’ आणि सही केली. आजच्या तारखेची.

जाताना दारात थांबून त्या म्हणाल्या, की एकशे बाराही वकिलाकडे जाईल, आहे तसं. नोटिसा मात्र दोघांनाही सोमवारी मिळतील. मार्चमध्ये जे घडलं ते घडलंच. रोझली म्हणाली, हो, घडलंच.

सोमवारी आठला यंत्र थांबलं. काटा तीसवर होता. टेस्केने बाटली सोडवली, गाळलं, एक थेंब पदार्थ वेगवेगळे दाखवणाऱ्या पांढऱ्या पट्टीवर ठेवला आणि पट्टी दिव्याखाली धरली. नेहमीच्या ठिपक्याच्या वर एक ठिपका, स्पष्ट. त्याच्याही वर आणखी एक, फिकट. टेस्केने पट्टी हातात धरून ठेवली, खाली ठेवायला विसरला. म्हणाला, गुरुवारसाठी एवढं पुष्कळ आहे.

रोझली दुसरी बाटली धूत होती. एकदा नकळत झालं, एकदा कळून झालं, ती म्हणाली. समितीसमोर बसायचं तर यंत्र चालू ठेवूनच बसायचं. बोलावू देत त्यांना इथे, वाचू देत काटा स्वतःच्या डोळ्यांनी. टेस्केने भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोटाने तास मोजले. आज सुरू केलं तर गुरुवारी पहाटे संपतं.

“दुपारी सुरू कर,” ती म्हणाली. “म्हणजे ते येतील तेव्हा चालू असेल.”

नोटिसा साडेदहाला आल्या, दोन बंद पाकिटं. तिने आपलं फोडलं, वाचलं आणि अ‍ॅप्रनच्या खिशात घातलं. टेस्केने त्याचं तसंच टेबलावर राहू दिलं आणि काळी पूड तोलायला घेतली.